एकतीस वर्षं धावपट्टीवर: 'फ्लाय फ्रॉम हिअर'चं प्रकरण

एका रविवारी दुपारी हेडफोन लावून एकाच गाण्याच्या चार आवृत्त्या सलग ऐकल्या. पहिली 1980 च्या दौऱ्यातली, मैफलीची. दुसरी, त्याच काळातला डेमो, म्हणजे नमुन्यादाखल केलेलं कच्चं रेकॉर्डिंग. तिसरी 2011 च्या अल्बममधली आणि चौथी 2018 ची. आवृत्त्या चार, मुख्य गायक दोनच. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या आवृत्तीत गाणारा माणूस एकच. मधल्या तिसरीत, म्हणजे ज्या आवृत्तीमुळे हे गाणं बहुतेकांना माहीत झालं तिच्यात, तो गातच नाही. तो स्टुडिओतल्या काचेपलीकडे बसून दुसऱ्याकडून गाऊन घेतोय.

बँड येस, गाणं 'फ्लाय फ्रॉम हिअर' आणि माणूस ट्रेव्हर हॉर्न. म्हाताऱ्या बँडला सुचेनासं झालं म्हणून त्यांनी ट्रंकेतला जुना माल काढून झटकून विकला, असं या गाण्याबद्दल बोलायची पद्धत आहे. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. चारही आवृत्त्या ओळीनं ऐकल्यावर मत बदललं. हे गाणं मालाच्या दर्जापायी अडलं नव्हतं. ते अडलं होतं गळ्यापाशी.

1980: रिकाम्या झालेल्या दोन खुर्च्या

येस हा 1968 साली लंडनमध्ये उभा राहिलेला बँड. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं ते सगळं यांच्याकडे होतं: एलपीची अख्खी बाजू व्यापणाऱ्या रचना, कीबोर्डचा डोंगर, रॉजर डीननं रंगवलेली तरंगत्या बेटांची कव्हरं आणि या सगळ्याच्या वर जॉन अँडरसनचा उंच, जवळजवळ मुलासारखा कोवळा आवाज. ख्रिस स्क्वायरची बास गिटार, स्टीव्ह हावची गिटार, ॲलन व्हाइटचे ड्रम आणि रिक वेकमनचे कीबोर्ड कितीही गर्जले, तरी रस्त्यावरचा माणूस येसला ओळखायचा तो त्या आवाजावरून.

1979 च्या अखेरीस हे लोक पॅरिसमध्ये नव्या अल्बमसाठी जमले आणि काम विस्कटलं. कोणाचं कोणाशी पटेना. त्यात ॲलन व्हाइटनं रोलर स्केटिंग करताना पाय मोडून घेतला. (बँड फुटण्याच्या कारणांची यादी करताना रोलर स्केटिंग लिहावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं.) 1980 च्या सुरुवातीला अँडरसन आणि वेकमन दोघंही बाहेर पडले. उरले स्क्वायर, हाव आणि व्हाइट. तिघंही वाजवणारे, आणि गाणारा कोणी नाही. स्क्वायर उत्तम साथीचा आवाज लावायचा, पण तो आवाज दुसऱ्या फळीचा.

त्याच सुमारास द बगल्स नावाच्या जोडीचं नाव घराघरांत पोचलं होतं. ट्रेव्हर हॉर्न आणि जेफ डाउन्स. त्यांचं 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार' 1979 च्या ऑक्टोबरात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. दोन वर्षांनी अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं तेव्हा त्यावर सर्वांत आधी याच गाण्याचा व्हिडिओ दाखवला गेला. येसच्या चाहत्यांच्या लेखी हा शत्रुपक्ष: चष्मा, सिंथेसायझर आणि चार मिनिटांत संपणारं गाणं. पण हॉर्न स्वतः येसचा भक्त होता आणि दोन्ही मंडळींचा मॅनेजर एकच होता, ब्रायन लेन. हॉर्न आणि डाउन्सनं येससाठी म्हणून एक गाणं पुढे केलं: 'वी कॅन फ्लाय फ्रॉम हिअर'. गाणं घेऊन आलेल्या या दोघांना स्क्वायरनं सुचवलं की तुम्हीच बँडमध्ये या.

प्रकरणाची गाठ इथेच बसली आहे असं मला वाटतं. हे गाणं येसमध्ये असलेल्या माणसांनी लिहिलेलं नाही. येसच्या दारात उभ्या असलेल्या माणसांनी, आत असतो तर कसं गायलो असतो याचा अंदाज बांधत लिहिलेलं आहे. मनात आवाज ठेवून चाल बांधली जाते तशी ती अँडरसनच्या प्रकारच्या गळ्यासाठी बांधलेली आहे: धृवपदापाशी सूर वर उघडतो आणि तिथेच राहतो. शब्द विमानतळाचे. धावपट्टीच्या कडेला उभी असलेली जुनी विमानं आणि इथून आपण उडू शकतो असा एक हट्ट. ऐन वेळी पायलट गायब झालेल्या बँडला दिलेलं गाणं म्हणून ते मुद्दाम लिहिल्यासारखं वाटतं, इतकं ते त्या प्रसंगाला चपखल बसतं.

आणि तरीही ते अल्बममध्ये आलं नाही.

'ड्रामा' आणि बाहेर राहिलेलं गाणं

1980 च्या ऑगस्टमध्ये 'ड्रामा' बाजारात आला. सहा गाणी, जेमतेम 37 मिनिटं. त्यांपैकी 'डझ इट रिअली हॅपन?' आणि 'टेम्पस फ्यूजिट' यांचा वाद्यांचा सांगाडा नवे दोघं येण्याआधीच स्क्वायर, हाव आणि व्हाइट यांनी उभा केला होता. बगल्सच्या घरातून आलेलं ठळक गाणं म्हणजे 'इंटू द लेन्स'. ते आत गेलं, 'वी कॅन फ्लाय फ्रॉम हिअर' बाहेर राहिलं. अल्बम ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत अठराव्या. आज ऐकताना मला तो येसच्या सर्वांत घट्ट अल्बमांपैकी एक वाटतो, आणि त्याचं बरंचसं श्रेय या कोंडीला आहे. नवख्यांना लांबण लावायची मुभाच नव्हती.

मग दौरा. उत्तर अमेरिकेत मोठमोठी सभागृहं भरली, न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तीन रात्री झाल्या. अनेकांनी तिकिटं काढली होती ती येस या नावावर. आत जाऊन पाहतात तो मधोमध मोठ्या चष्म्याचा एक अनोळखी माणूस. त्याला अल्बममधली स्वतःची गाणी गायची होती आणि शिवाय अँडरसनची जुनी गाणीही गायची होती, अँडरसनच्या पट्टीत, रात्रीमागून रात्र. हॉर्ननं नंतर अनेकदा मोकळेपणानं सांगितलंय की तो दौरा त्याच्या गळ्याला झेपत नव्हता. वर्षअखेरीस ब्रिटनमध्ये पोचेपर्यंत प्रेक्षकांतून अँडरसन आणि वेकमनच्या नावानं आरोळ्या येऊ लागल्या होत्या.

आपल्याकडे नाट्यसंगीताच्या श्रोत्यांना हा प्रसंग समजावून सांगायला नको. एकदा पद बालगंधर्वांच्या गळ्यातून कानात बसलं, की पुढच्या पिढीतला गाणारा कितीही तयारीचा असो, पहिल्या रांगेतल्या आजोबांची मान कशी हलते ते आपण पाहिलेलं आहे. दाद म्हणून नव्हे, 'तसं नाही रे' म्हणून.

याच अमेरिकेच्या दौऱ्यात 'वी कॅन फ्लाय फ्रॉम हिअर' मंचावर वाजलं. ते रेकॉर्डिंग रीतसर प्रसिद्ध व्हायला 2005 उजाडलं, 'द वर्ड इज लाइव्ह' या तीन सीडींच्या संचात. मी ते प्रथम तिथेच ऐकलं आणि तेव्हा पुढे ढकललंही. आता पुन्हा ऐकताना दोन गोष्टी कानात राहतात. एक, गाणं पूर्ण आहे. कच्चं, अर्धवट, 'बघू पुढे' असं काही त्यात नाही. ओळी, धृवपद, चढ, शेवट सगळं जागच्या जागी. दोन, धृवपदाशी हॉर्नचा आवाज ताणला जातो आणि स्क्वायर खालून साथीचा आवाज लावून त्याला उचलून धरतो. दोन माणसं मिळून एक जड कपाट जिन्यावरून चढवतात तसं. कपाट वर जातं, पण दोघांच्याही मानेच्या शिरा दिसतात.

त्यामुळे गाणं अपुरं होतं म्हणून पडून राहिलं, हे म्हणणं या एका रेकॉर्डिंगनं खोटं ठरतं.

मधली वर्षं, भराभर

दौरा संपला, बँड विरला. हाव आणि डाउन्सनं जॉन वेटन आणि कार्ल पामरबरोबर एशिया काढला आणि 1982 चा त्यांचा पहिला अल्बम तुफान विकला गेला. बगल्सचा दुसरा अल्बम हॉर्ननं बराचसा एकट्यानं ओढत 1981 मध्ये पूर्ण केला. 'इंटू द लेन्स' त्यात 'आय ॲम अ कॅमेरा' या नावानं, अंगावरची सगळी चरबी उतरवून, पुन्हा आलं. मग हॉर्ननं माईक खाली ठेवला आणि निर्मात्याची खुर्ची धरली. त्या खुर्चीतून त्यानं ऐंशीच्या दशकाचा आवाज बराचसा घडवला.

1983 मध्ये अँडरसन परतला, ट्रेव्हर रॅबिन नावाचा नवा गिटारवाला आला आणि येसचा '90125' निघाला. निर्माता: ट्रेव्हर हॉर्न. त्यातलं 'ओनर ऑफ अ लोन्ली हार्ट' 1984 च्या जानेवारीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, येसचं तिथलं एकमेव. आणि तेही मुळात रॅबिनचा जुना डेमो होतं. जुना डेमो काढला म्हणून तेव्हा कोणी नाक मुरडलं नाही, कारण गाणं तिसऱ्या वर्षी बाहेर पडलं आणि खपलं. एकतिसाव्या वर्षी काढलं की ती ट्रंक होते.

2008 ते 2011: आवाजाचा शोध, पुन्हा एकदा

2008 च्या मे महिन्यात अँडरसनला श्वसनाचा गंभीर त्रास झाला आणि बँडच्या चाळिसाव्या वर्षाचा ठरलेला दौरा रद्द करावा लागला. 1980 सारखीच स्थिती: वाजवणारे तय्यार, गाणारा नाही. स्क्वायरला या वेळी माणूस सापडला तो यूट्यूबवर. बेन्वा दाविद, कॅनडातला, येसचीच गाणी वाजवणाऱ्या एका बँडमध्ये गाणारा. 'वी कॅन फ्लाय फ्रॉम हिअर' पहिल्यांदा मंचावर वाजलं तेव्हा हा चौदा वर्षांचा होता. कीबोर्डवर रिक वेकमनचा मुलगा ऑलिव्हर.

2010 मध्ये नव्या अल्बमची तयारी सुरू झाली. 2001 नंतर येसनं स्टुडिओत नवा अल्बम केलेला नव्हता. हॉर्न आधी फक्त त्या एका जुन्या गाण्यापुरता निर्माता म्हणून यायला तयार झाला. मग गाणं वाढत गेलं. त्याच वर्षी बगल्सचा दुसरा अल्बम नव्यानं निघाला होता, जोडीला जुने डेमो घेऊन, आणि त्यांत 'वी कॅन फ्लाय फ्रॉम हिअर' दोन तुकड्यांत होतं. म्हणजे त्या गाण्याला आधीपासूनच पुढचा भाग होता. त्यावरून सूट, म्हणजे एकमेकांत गुंफलेल्या तुकड्यांची एक लांब रचना, बांधायचं ठरलं, हॉर्न बहुतेक अख्ख्या अल्बमचा निर्माता झाला आणि मग ओघानं पुढचा प्रश्न आला: गाणी हॉर्न-डाउन्सची असतील तर कीबोर्डवर डाउन्स का नको?

2011 मध्ये डाउन्स आला आणि ऑलिव्हर वेकमन गेला. या प्रकरणात कोणाला किंमत मोजावी लागली असेल तर ती त्याला. तो दोन-अडीच वर्षं दौऱ्यांवर वाजवत होता, अल्बमसाठी स्वतःचं साहित्य घेऊन आला होता आणि एका तीस वर्षं जुन्या गाण्यानं त्याची जागा घेतली. त्याच्या वाजवण्याचा थोडा भाग अल्बममध्ये राहिला आहे. त्या चमूनं केलेली आणखी चार गाणी 2019 मध्ये 'फ्रॉम अ पेज' म्हणून वेगळी निघाली. कलेच्या दृष्टीनं डाउन्सला बोलावणं बरोबर होतं असं माझं मत आहे. वागणूक म्हणून ते बरं दिसत नाही, हेही तितकंच खरं.

सूट जवळून

'फ्लाय फ्रॉम हिअर' सहा तुकड्यांचा आहे आणि जवळपास 24 मिनिटं चालतो. सुरुवातीच्या 'ओव्हर्चर'मध्ये पियानोवर एक ठोकत जाणारी आकृती आहे, जरा घाईतली, कोणाला तरी विमान चुकेल अशी. मग पहिला भाग, 'वी कॅन फ्लाय', म्हणजे 1980 चं गाणं. दाविदचा आवाज स्वच्छ आहे आणि उंचीवर तो अजिबात अडखळत नाही. 1980 मध्ये जे कपाट दोघांनी चढवलं ते हा एकटा शीळ घालत वर नेतो. आणि नेमकं तिथेच माझं मन थोडं मागे राहतं. 'उडू शकतो' हे म्हणणाऱ्याला उडणं जड जात असलं तर त्या शब्दांना वजन येतं. दाविदला ते सहज जमतं, त्यामुळे ओळ फक्त सुंदर होते.

दुसरा भाग, 'सॅड नाइट ॲट द एअरफील्ड', हा या सगळ्याचा गाभा. हावची अकूस्टिक गिटार, मोकळी जागा, कोणालाही घाई नाही. माझ्या मते येसनं सत्तरीच्या दशकानंतर केलेल्या कामातली ही उत्तम सहा-सात मिनिटं आहेत. 1980 च्या सुमारास तिशीच्या आसपासच्या माणसांनी लिहिलेल्या चालीला इथे साठी ओलांडलेल्या माणसांची बोटं लागली आहेत, आणि फरक बोटांचा आहे. दोन सुरांमधली शांतता भरून काढायची त्यांना आता गरज वाटत नाही. तरुण येसनं या जागेत चार स्वरांचा फवारा मारला असता.

तिसऱ्या भागात, 'मॅडमन ॲट द स्क्रीन्स'मध्ये, ओव्हर्चरची ठोकणारी आकृती परत येते. आपण आता नियंत्रणकक्षात आहोत, पडद्यांसमोर. बगल्सचं जुनं वेड, यंत्राकडे टक लावून बसलेला एकटा माणूस, इथे उघड दिसतं. चौथा भाग 'बम्पी राइड' हावचा. दोन मिनिटांचा, विक्षिप्त, मोडक्या रस्त्यावरच्या एसटीसारखा खडखडणारा. सूटला शिवण आहे हे लपत नाही ते इथे. बाकीचं कापड एका ताग्याचं, हा तुकडा दुसऱ्या. नसता तरी चाललं असतं. शेवटी धृवपद परत येऊन पावणेदोन मिनिटांत सगळं आवरतं.

श्रेयनामावलीतही ही शिवण दिसते. 'वी कॅन फ्लाय' आणि त्याची पुनरावृत्ती डाउन्स, हॉर्न, स्क्वायर. 'बम्पी राइड' हाव. बाकीचं फक्त डाउन्स आणि हॉर्न. म्हणजे येसच्या या मोठ्या रचनेचा बराचसा भाग अशा दोघांचा आहे, ज्यांना 1980 मध्ये लोक आरोळ्या ठोकून बाहेर काढू पाहत होते. याच अल्बममधलं 'लाइफ ऑन अ फिल्म सेट' हेही बगल्सच्या 'रायडिंग अ टाइड' या डेमोवरून आलेलं. 2011 च्या उन्हाळ्यात अल्बम निघाला, ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या चाळिसांत गेला. एवढ्या जुन्या बँडला हे पुष्कळच झालं.

जुनं म्हणजे शिळं का?

आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं पूर्ण फेकून देण्यासारखं नाही. 2011 च्या अल्बमची पहिली बाजू बहुतांशी 1980 च्या आसपासची असेल, तर 2011 चा येस नक्की काय म्हणत होता? चोख उत्तर देता येत नाही. स्क्वायर आणि हावकडे त्या वेळी या उंचीचं स्वतःचं नवं काही नव्हतं, असं अल्बमचा उरलेला भाग ऐकून मला वाटतं.

पण बंदिश जुनी आहे म्हणून आपण मैफल शिळी म्हणत नाही. ती कोणी, कोणत्या वयात, कोणत्या साथीवर मांडली हे पाहतो. रॉकमध्ये हा हिशेब वेगळा लागतो, कारण तिथे गाणं आणि त्याची पहिली रेकॉर्ड एकच मानली जाते. या गाण्याला पहिली रेकॉर्डच नव्हती. त्यामुळे ते रॉकच्या नियमातून सुटून बंदिशीच्या नियमात येऊन पडलं. फक्त मांडणाऱ्याचा प्रश्न उरला होता.

2018: परतीचं तिकीट

2012 च्या सुरुवातीला दाविदही श्वसनाच्या त्रासामुळे बाहेर पडला. येसच्या माईकपुढच्या जागेला काय ग्रह लागलेत कोण जाणे. जॉन डेव्हिसन आला. 27 जून 2015 रोजी ख्रिस स्क्वायर गेला. तोवर येसच्या प्रत्येक स्टुडिओ अल्बमवर तो होता. दुसऱ्या कोणाबद्दल असं म्हणता येत नाही.

2018 च्या मार्चमध्ये 'फ्लाय फ्रॉम हिअर: रिटर्न ट्रिप' आला. हॉर्ननं अल्बम पुन्हा मिक्स केला आणि मुख्य आवाज काढून तिथे स्वतःचा बसवला. दाविदवर हा अन्याय झाला असं म्हणणारे आहेत. ज्यानं त्या गाण्यांना प्रत्यक्ष जन्म दिला त्याचा आवाज सात वर्षांनी पुसायचा? मला यात काहीतरी खटकतं, आणि तरी मी चौथी आवृत्तीच परत परत लावतो. सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या हॉर्नचा आवाज पातळ झालाय, थोडा कोरडा झालाय. धृवपदाशी तो आता ताणत नाही. 1980 मध्ये त्याला रोज रात्री हजारो लोकांसमोर अँडरसन व्हायचं होतं. इथे आरोळी मारणारं कोणी नाही, हवे तितके टेक घेता येतात आणि कोणासारखं गायचंही नाही. 'सॅड नाइट ॲट द एअरफील्ड'मध्ये तर तो जवळजवळ बोलतो. मुक्काम वर आहे हे त्याला माहीत आहे, पण जिना तो एकेक पायरी चढतो.

कव्हरवरची नावं वाचली तर हॉर्न, डाउन्स, हाव, स्क्वायर, व्हाइट. 'ड्रामा'चेच पाच जण, अडतीस वर्षांनी. त्यातला स्क्वायर जाऊन पावणेतीन वर्षं झाली होती. त्याची बास आणि त्याचा साथीचा आवाज 2011 च्या टेपवरचा. हेडफोनवर धृवपद नीट ऐकलं तर हॉर्नच्या आवाजाखाली तो अजूनही आहे, 1980 च्या मैफलीत होता तिथेच, खालच्या सुरावर.